आर्वीच्या बाजारओळीच्या वह्या

पुलगावाहून सुटलेली छोटी गाडी पस्तीस किलोमीटरांचा पल्ला आपल्या बेताने संपवून आर्वीच्या स्थानकात उभी राहिली, की बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावरील दुकानांच्या गाद्यांवर हालचाल सुरू होई. कोणी लोडाला टेकलेली पाठ सरळ करी, कोणी पोऱ्याला दारात पाणी शिंपडायला सांगे, कोणी वहीचे पान उलटून टाक दौतीत बुडवी, आणि ज्याचा माल त्या दिवशी यायचा असे तो टोपी सारखी करीत ओट्यावर येऊन उभा राही. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने अडीच फुटी रुळांची ही वाट १९१७ साली घातली, ती आमच्या सोयीसाठी नव्हे. आर्वीचा कापूस पुलगावच्या मोठ्या लोहमार्गावर, तेथून मुंबईच्या गोदीत आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांत जावा एवढ्यासाठी. तरीही जी वाट परक्याच्या लाभासाठी पडली तिच्या दोन्ही कडांना आमच्या माणसांनी आपला संसार मांडला. लोक आज त्या गाडीला ‘शकुंतला’ म्हणून आठवतात. ती बंद पडली. रुंद मार्गाची गाडी येईल तेव्हा आर्वी तिचे मनापासून स्वागत करील, यात मला शंका नाही. पण गाडीची चाहूल लागताच गादीवरून उठून ओट्यावर येणारी माणसे आणि ते ओटे, हे दोन्ही आता उरलेले नाहीत.

नाहीशा झालेल्या दुकानांविषयी लिहिताना लेखणी हळवी होते, हे मी जाणून आहे. गतकाल सर्वांना गोडच वाटतो आणि बालपणी पाहिलेली बरणी प्रत्यक्षात होती त्याहून मोठी भासते. म्हणून केवळ हळहळ व्यक्त करण्यासाठी मी हे लिहीत नाही. दुकान बंद होते तेव्हा विक्रीची एक जागा जाते, हे नुकसान लहान आहे, कारण विक्रीची दुसरी जागा लगेच उघडते; परंतु त्या दुकानाबरोबर गावाविषयीचे जे ज्ञान पिढ्यान् पिढ्या कागदावर उतरलेले असते ते रद्दीच्या तराजूत जाते, आणि ते मात्र पुन्हा कोणत्याही बाजारात मिळत नाही. आर्वीत हे गेली चाळीस-पन्नास वर्षे चालू आहे, आणि ते थांबविणे अजूनही आपल्या हाती आहे, एवढेच मला सांगायचे आहे.

वर्धा जिल्ह्यातील आर्वी हे गाव पेठ म्हणूनच वाढले. तेलंगराव वली नामक पुरुषाने ते वसविले आणि म्हणून त्याला आर्वी तेलंगराव असेही म्हणत, ही आख्यायिका इंग्रजी अमदानीतील इंपीरियल गॅझेटियरने नोंदवून ठेवली आहे. हिंदू त्याला ब्राह्मण मानीत, मुसलमान आपल्यातला मानीत, आणि त्याच्या समाधीपुढे दोघेही मस्तक नमवीत, हेही त्याच नोंदीत आहे. १८६२ साली वर्धा जिल्हा निर्माण झाला तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले होते, तिकडचा कापूस अडला होता, आणि या काळ्या मातीतील बोंडाला कधी नव्हे तो भाव आला होता. पाच वर्षांत मुंबईचा लोहमार्ग नागपुरास पोचला. त्याच दशकात आर्वीला नगरपालिका मिळाली. विसाव्या शतकाच्या आरंभी अवघ्या दहा हजारांच्या आसपास वस्ती असलेले हे गाव मध्यप्रांतातील कापसाच्या अग्रगण्य पेठांत गणले जात होते, आणि त्याच्या जिनांचे भोंगे आसपासच्या खेड्यांची घड्याळे होती.

बाजारओळीचा सगळा डोलारा कापसाच्या अडतीवर उभा होता. दसऱ्याच्या सुमारास शेतात सीतादही होऊन पहिली वेचणी घरी आली, की बंड्यांची रांग आर्वीच्या वेशीपासून लागे. शेतकरी रात्री अडत्याच्या ओसरीवर पथारी टाकी, बैल त्याच्याच परसात बांधी, आणि सकाळी काटा होऊन पैसे हाती आले म्हणजे ते पैसे घेऊन थेट घरी न जाता कापडाच्या, भांड्यांच्या, सराफाच्या आणि मिठाईच्या दुकानांवरून फिरत फिरत, त्या प्रत्येक ठिकाणी मागची बाकी चुकती करीत आणि पुढची मांडीत, संध्याकाळी बंडी जुंपी. म्हणजे अडतीच्या गादीवर जो रुपया सुटे तो सूर्यास्तापूर्वी बाजारओळीतील सहा-सात हातांतून जाई. एका दुकानाचे अस्तित्व दुसऱ्याच्या अस्तित्वात असे गुंतलेले होते, आणि म्हणूनच पुढे एक दुकान ढासळले तेव्हा त्याच्यासवे बाकीची ढासळायला फार काळ लागला नाही.

उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची रीत मी स्वतः पाहिली नाही. वडीलधाऱ्यांकडून ऐकली आहे. दलाल आणि खरेदीदार यांच्या बोटांच्या पेरांवर वर्षभराच्या घामाचे मोल ठरे आणि ज्याचा तो घाम त्यालाच आकडा शेवटी कळे. नदीपलीकडच्या वऱ्हाडात १८९७ साली कापसाच्या व धान्याच्या बाजारांसाठी सरकारला कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे. पुढे १९७२ साली महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली, कापूस महासंघाच्या केंद्रांवर जाऊ लागला, आणि बाजारओळीतील अडतीच्या गाद्या एकेक करून गुंडाळल्या गेल्या. त्या योजनेचा हेतू शेतकऱ्याच्या हिताचा होता, असे माझे मत आहे. ती शेवटी का खिळखिळी झाली याचा विचार निराळा. येथे एवढेच नमूद करायचे, की खाजगी खरेदी जेव्हा परत आली तेव्हा ती या ओळीत परतली नाही. ती बाजार समितीच्या आवारात आणि गावाबाहेरच्या नव्या जिनांत गेली, आणि शेतकऱ्याची बंडी, नंतर त्याचा ट्रॅक्टर, बाहेरच्या बाहेर येऊन बाहेरच्या बाहेर जाऊ लागला.

अडतीला लागूनच सरकी-ढेपेची दुकाने होती. आज त्यांची आठवण कोणी फारशी काढत नाही; मला मात्र त्या दुकानांचे महत्त्व सर्वांत अधिक वाटते. रुई गाठीत बांधली जाऊन परदेशी जाई, पण सरकी मागे राही, आणि त्या सरकीतून दोन गोष्टी होत: पुढल्या हंगामाचे बियाणे आणि गुरांचे खाद्य. आर्वी, आष्टी, कारंजा हा मुलूख गवळाऊ जातीच्या गुरांचा. पांढऱ्याशुभ्र, चपळ, उन्हाला न डगमगणाऱ्या या गाई नंदगवळ्यांनी पिढ्यान् पिढ्या राखल्या. त्या गाईंच्या तोंडी सरकी लागे, त्यांच्या दुधाचा खवा होऊन बाजारात येई, आणि खव्याचे पैसे पुन्हा सरकीच्या दुकानात येत. शेतकरी सरकी हातात घेऊन, दाताखाली फोडून पाही आणि मग बियाण्यासाठी वेगळी काढी. २००२ साली बीटी कापसाला सरकारी परवानगी मिळाल्यानंतर काही वर्षांतच ही परीक्षा संपली. आता बियाणे बंद पाकिटात येते, ते दाताखाली धरता येत नाही आणि पुढल्या वर्षासाठी राखून ठेवण्यात अर्थ नसतो. ज्या जागी सरकीचे ढीग असत त्या जागी आज कृषी केंद्रांच्या पाट्या आहेत. कृषी केंद्रवाल्याला मी दोष देत नाही. तोही आपल्याच गावचा मुलगा आहे. पण शेतकरी ज्या दुकानात पूर्वी काही विकायला आणि काही घ्यायला जाई, तेथे आता तो केवळ घ्यायला जातो, हा फरक दिसतो त्याहून मोठा आहे.

पिंजाऱ्याच्या धुनकीचा आवाज थंडीच्या आरंभी ऐकू येई. कल्हईवाल्याच्या भात्याभोवती आम्ही मुले गोल करून बसत असू. तापलेल्या गंजात तो नवसागर टाकी, पांढरा धूर उठे, आणि कथिलाची काडी फिरताच काळवंडलेल्या पोटात चांदणे पडल्यासारखे होई. लोखंडी घाण्याने लाकडी घाण्या मोडल्या आणि घरच्या शेतात पिकलेल्या जवसाचे तेल काढून आणण्याची रीत मागे पडली. स्टेनलेस स्टीलने कल्हई संपविली, तयार कपड्यांनी शिंप्याची मोजमापाची वही मिटविली, ताशी भाड्याने मिळणाऱ्या सायकली, रेडिओ दुरुस्त करणारा, काचेच्या पट्ट्यांवर छायाचित्रे घेणारा, काष्ठौषधींच्या शंभर खणांचे कपाट असलेला गांधी, हे सारे एकामागून एक गेले. त्यांच्या जाण्यात कोणाचे कारस्थान नव्हते. नवे सोयीचे आले, जुने गैरसोयीचे ठरले, आणि मुलांनी बापाच्या गादीवर बसण्यापेक्षा पुण्याच्या नोकरीत बसणे पत्करले. तसे करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता.

किराणा दुकानाविषयी मात्र मला सविस्तर लिहिले पाहिजे.

आमच्या घराचे खाते ज्या दुकानात होते ते बाजारओळीच्या वळणावर होते. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. पगार कधी वेळेवर होई, कधी दोन-दोन महिने होत नसे. दुकानदार शेटजी वडिलांना ‘गुरुजी’ म्हणत आणि आम्हां मुलांना नावाने न हाकारता ‘गुरुजींचा मोठा’, ‘गुरुजींचा धाकटा’ म्हणत. वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी बांधताना त्यांचे बोट सुतळीभोवती असे काही फिरे, की ती गाठ घरी येईपर्यंत सुटत नसे आणि घरी आल्यावर एका ओढीत सुटे. ते दुकान काही वर्षांपूर्वी बंद झाले. शेटजींच्या नातवाने, जुनी ओळख स्मरून, जागा रिकामी करण्याच्या दिवशी मला निरोप पाठविला. मी गेलो तेव्हा लाल खारव्याच्या बांधणीच्या लांबट वह्या माळ्यावरून खाली उतरत होत्या आणि रद्दीवाला तराजू घेऊन दारात बसला होता. मी सहज एक वही उचलली. ती दशमान वजनांच्या आधीची होती. शेर, छटाक आणि आण्यांचा हिशेब. खतावणीत वडिलांचे खाते सापडले. एका चैत्रात आमच्या नावे डिंक, खारीक, सुंठ, बाळंतशोपा लिहिलेल्या होत्या. मी त्या वर्षी जन्मलो नव्हतो, माझा धाकटा भाऊ तर नाहीच. त्याच पानावर नऊ दिवसांनी एक नोंद होती: मीठ, पाच शेर. चार माणसांच्या घरात एकदम पाच शेर मीठ कशाला लागते, हे ज्याने तान्हे मूल पुरताना पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही. सर्व नोंदींपुढे रकमा होत्या. या एका नोंदीपुढे रकाना कोरा होता.

आमच्या आईने त्या मुलाविषयी कधी एक शब्द उच्चारला नाही. वडिलांनीही नाही. जन्म-मृत्यूच्या सरकारी दप्तरात ती नोंद असेल किंवा नसेलही. शेटजींच्या वहीत ती होती, आणि त्या कोऱ्या रकान्यात शेटजींनी जे लिहिले नाही तेही मला वाचता आले. ती एक वही मी मागून घेतली. उरलेल्या तीस-चाळीस वह्या त्या दुपारी तराजूवर चढल्या. त्यांत किती घरांचे जन्म, किती लग्ने, किती दुष्काळ आणि किती बरकतीची वर्षे होती, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. मी त्या दुपारी त्या सर्व वह्या विकत घेतल्या नाहीत, ही चूक माझी आहे, आणि ती मला सलते.

या वह्यांत सगळे चांगलेच होते, असे म्हणणे सत्याला सोडून होईल. ज्या उधारीने मास्तराचे घर तगले त्याच उधारीने कित्येक कुळांची शेते गेली. व्याजाचा आकडा मुद्दलाच्या पुढे जाऊन सातबाऱ्यावर नाव बदलल्याची उदाहरणे या तहसिलीत प्रत्येक खेड्याला ठाऊक आहेत. ज्या ओट्यावर काही जण चहा घेत बसत त्याच ओट्याखाली काही जणांना उभे राहावे लागे, आणि पुडी वरून हातात टाकली जाई. वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी लक्ष्मीनारायण मंदिराची दारे १९२८ साली सर्वांसाठी उघडली. आसमंतातील दुकानांच्या पायऱ्या सर्वांसाठी सारख्या व्हायला त्यानंतर पुष्कळ वर्षे गेली. स्त्रिया तर या ओळीत गिऱ्हाईक म्हणूनही क्वचितच दिसत. घरात काय लागते ते त्या ठरवीत आणि वहीत नाव मात्र पुरुषाचे लागे. हे सर्व त्या वह्यांत आहे. गौरवासाठी नव्हे, तर या सर्वांचा पुरावा म्हणून त्या राहिल्या पाहिजेत. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत वर्धा होता. कर्ज कोठून आले, कसे वाढले, कोणत्या वर्षी शेतकरी आपले बियाणे राखायचा थांबला आणि पाकिटाच्या उधारीत शिरला, हे जाणायचे तर सावकाराच्या, अडत्याच्या आणि किराणेवाल्याच्या वहीइतके विश्वसनीय साधन दुसरे कोणते आहे?

कागदाचे हे मोल महाराष्ट्राला शिकविले ते इतिहासाचार्य राजवाडे यांनी. वाईला हाती आलेल्या जुन्या कागदांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि त्यानंतर हा गृहस्थ वाड्यावाड्यांत दप्तरे मागत आयुष्यभर फिरला. राजांची आणि सरदारांची पत्रे त्यांनी वाचविली. गावगाड्याचा हिशेब त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली मांडला, आणि नारायण गोविंद चापेकरांनी १९३३ साली ‘आमचा गाव बदलापूर’ लिहून एका साध्या गावाची माणसे, धंदे, भाषा आणि चालीरीती अशा तपशिलाने टिपल्या, की ते गाव आज ओळखू न येण्याइतके बदलले तरी ग्रंथात जसेच्या तसे उभे आहे. आणि आपल्याच जिल्ह्यात, वर्धा शहरी, गांधीजींच्या हस्ते १९३८ साली मगन संग्रहालय उघडले गेले, ते चरखे, घाण्या, हातमाग अशा कष्टकऱ्यांच्या उपकरणांना मानाचे स्थान देण्यासाठीच. म्हणजे वर्धा जिल्ह्याला ही दृष्टी बाहेरून आणावी लागत नाही. घाणीला जेथे स्थान मिळाले तेथे तराजूला, कल्हईवाल्याच्या भात्याला आणि खतावणीलाही मिळू शकते.

आर्वीची लोकसंख्या आज चाळीस हजारांच्या वर गेली आहे. बाजारओळीत नवी दुकाने आहेत, गर्दी आहे, पाट्या मराठीत असाव्यात असा २०२२ पासून लहान दुकानांनाही लागू झालेला दंडक आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु पाटीखाली बसणाऱ्याला आपल्या जागेवर पूर्वी कोण बसत होते हे बहुधा ठाऊक नसते. वारसा-जतनाचे आपले कायदे इमारतींकडे पाहतात; आर्वीच्या बाजारओळीत राजवाड्यासारखी इमारत नाही, लाकडी खांबांची, फळ्या लावून बंद करण्याची साधी दुकाने होती, आणि ती पाडून सिमेंटचे गाळे होणे अटळ होते. इमारती वाचवा, असा आग्रह म्हणून मी धरीत नाही. कागद, पाट्या, मापे आणि माणसांच्या तोंडची माहिती, एवढे वाचवायला मोठा खर्च लागत नाही.

नगर परिषदेने आपल्या करआकारणीच्या आणि दुकान-परवान्यांच्या जुन्या नोंदींतून बाजारओळीतील दुकानांची वर्षवार यादी काढावी. सार्वजनिक वाचनालयात एक कपाट, जमल्यास एक खोली, या वह्यांसाठी राखावी. पुराभिलेख विभागाचे कार्यालय नागपुरात आहे. कसर लागलेला कागद कसा सांभाळावा याचा सल्ला त्यांच्याकडे मागता येईल. मोडीत आणि मारवाडी पेढ्यांच्या महाजनी लिपीत लिहिलेल्या वह्या वाचू शकणारी वृद्ध मंडळी आर्वीत आणि आसपास जी कोणी उरली असतील त्यांच्याकडे शाळा-महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना आजच पाठवायला हवे, कारण हे काम पुढल्या वर्षावर टाकता येण्याजोगे नाही. खाजगी उधारीचा बोभाटा होईल ही ज्यांना भीती आहे त्यांची भीती रास्त आहे. म्हणून ठराविक वर्षांपर्यंत नावे झाकून ठेवण्याचा नियम आधी करावा आणि मगच वह्या स्वीकाराव्यात.

आणि ज्यांच्या माळ्यावर अशा वह्या आहेत त्या आर्वीकर घरांना माझी विनंती आहे. दिवाळीच्या साफसफाईत त्या खाली उतरतील. रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी वाचनालयात एक निरोप धाडा. तेथे कोणी घेतल्या नाहीत तर या वर्तमानपत्राच्या पत्त्यावर मला दोन ओळी लिहा, मी स्वतः पिशवी घेऊन येईन.